ढोरकीचं बिऱ्हाड

“मॅडम, ढोरकी झोपला का जी?”

असा फोन मला कुणाचाही आणि कुठेही यायचा. भाजी घेताना, विहारात वंदना चालू असताना, एकदा तर दातांच्या दवाखान्यात आ वासून बसले होते तेव्हा. शेजारच्या बाईला वाटलं असेल, हिच्या घरी मोठा गोठा दिसतो आणि ठेवलेला गडी आळशी दिसतो. माझ्याकडे गोठाही नाही आणि गडीही नाही. आमच्या भागात ढोरकी म्हणजे साऱ्या गावाची गुरं रानात चारायला नेणारा माणूस. पण लोक ज्याची चौकशी करायचे तो ढोरकी माणूसच नव्हता. तो एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम होता. फोनवर गुरांबद्दल प्रश्न विचारला की उत्तर देणारा, म्हणजे ज्याला चॅटबॉट म्हणतात तो. त्याला जागं ठेवणं हे माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतलं मुख्य काम होतं. जन्मभर नोकरी करून मी शेवटी कुणाला तरी झोपू न देण्याचा पगार घेतला, असं माझी बहीण म्हणते. म्हणू दे.

मी गडचिरोलीतल्या एका छोट्या संस्थेत होते. गुरांचे उपचार हे तिचं काम. विहाराच्या मागच्या खोलीत टायपिंगचा वर्ग भरायचा, तिथे शिकले आणि टंकलेखक म्हणून लागले. मग टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर बिघडायला लागला, तो दुरुस्त करायला नागपूरहून माणूस येईपर्यंत आठवडा जायचा, म्हणून मीच स्क्रू पिळायला शिकले. पुढे सर्व्हर, नेटवर्क, जे जे आलं ते ते अंगावर पडलं. पगारपत्रकावर मात्र मी निवृत्त होईपर्यंत टंकलेखकच राहिले. साहेबांचं लक्ष अशा गोष्टींकडे कधी गेलं नाही आणि मला सांगायला लाज वाटली.

साहेब म्हणजे डॉक्टर चिमूरकर. संस्था म्हणजे तेच. ढोरांचे डॉक्टर. एटापल्लीच्या पुढे अशी गावं आहेत, की तिथे आजारी बैलापर्यंत डॉक्टर पोचायचा म्हणजे दोन नाले आणि एक नदी ओलांडायची, आणि पावसाळ्यात तेवढंही जमत नाही. म्हणून साहेबांनी फोनवरून सल्ला द्यायला सुरुवात केली. कुणीही लावावा, साहेब स्वतः उचलणार. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. आधी रागवायचे, “चार दिवस काय करून राह्यला होता?” मग म्हणायचे, “बरं, घाबरू नको बापा.” आणि मग घरात जे सापडेल त्यातला इलाज सांगायचे. तेल, हळद, गूळ, एखादी काडी, दोरी. शेवटी हमखास, “उद्या सांगजो मले.” हे सगळं संभाषण रेकॉर्ड व्हायचं आणि मी ते टाइप करायची, कोणत्या गावात कोणता रोग आहे ते कळावं म्हणून. इतकी वर्षं टाइप केलं की झोपेतही माझ्या तोंडून “घाबरू नको बापा” निघायचं.

मग साहेबांचे कान गेले.

एकदम नाही गेले. आधी ते नेटवर्कला शिव्या द्यायचे, मग फोनला. आम्ही फोन बदलले. एक दिवस संस्थेच्या आवारात एक गाय आणली होती. साहेब तपासायची नळी वापरायचेच नाहीत, सरळ जनावराच्या कुशीला कान लावायचे. तसा लावला, बराच वेळ वाकून राहिले, आणि उभे राहून मला म्हणाले, “रामटेकेबाई, हिचं पोट बंद पडलं का माझे कान?” गाय मजेत रवंथ करत होती. मी तिच्या हलत्या जबड्याकडे बोट केलं. त्यांना कळलं.

कानातलं मशीन आणलं, पण त्यात त्यांना पंख्याचाच आवाज ऐकू यायचा. फोनवर तर काहीच नाही. त्यांनी फोन उचलणं बंद केलं. आणि मला बजावलं, “कोणाले सांगाचं नाई. बहिऱ्या डॉक्टरले कोण इचारते?” मला हे पटलं नव्हतं, पण माणूस इतका खचलेला होता की वाद घालवेना. कुणी फोनवर विचारलंच तर मी म्हणायची, “साहेब आता फोनवर येत नाहीत,” आणि विषय बदलायची. बाकी वेळ तो फोन टेबलावर वाजत राहायचा. साहेब त्याच खोलीत पाठ करून पेपर वाचत बसलेले असायचे, आणि पलीकडे कुणाचं तरी ढोर आजारी असायचं. ते सहन होत नव्हतं. ढोरकीचा विचार माझ्या डोक्यात त्यातून आला.

साहेबांनी दोन अटी घातल्या. पहिली, लोकांचं बोलणं परक्या कंपनीकडे जाता कामा नये. आमचे लोक बैलाचं दुखणं सांगता सांगता जावयाचं दारू पिणंही सांगतात. म्हणून तयार सेवा न घेता, कुणालाही वापरायला मोकळं असलेलं एक मॉडेल मी उतरवून घेतलं. मॉडेल म्हणजे ढोरकीचा मेंदू म्हणा. तो आमच्याच यंत्रावर चढवला आणि साहेबांची जन्मभराची टाइप केलेली उत्तरं त्याच्या हाताशी ठेवली. काही विचारलं की त्याने त्यातूनच शोधायचं आणि साहेबांसारखंच बोलायचं. बोलून पाठवलेला निरोपही तो समजून घ्यायचा आणि उत्तरही बोलून द्यायचा. आवाज यंत्राचा होता, पण शब्द अस्सल चिमूरकरी.

दुसरी अट कडक होती. “एक जरी ढोर याच्या चुकीच्या सांगण्यानं गेलं, तर त्याच दिवशी बंद. मी फोन उचलत नाई आणि हा चुकला, तर मंग आपण लोकायच्या कामाचे नाई. पाटी काढून टाकू.” साहेब नुसतं बोलणाऱ्यांतले नव्हते. ढोरकी बंद म्हणजे सेवा बंद, आणि सेवा बंद म्हणजे साहेबांचा त्या गावांशी उरलेला शेवटचा धागा तुटणार, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

ढोरकीचं पहिलं घर म्हणजे आमच्या ऑफिसातलं यंत्र. तिथे त्याचे फार हाल झाले. गडचिरोलीचा मे महिना आणि विदर्भातला कूलर! कूलरची ओली हवा लागली की यंत्र आतून दमट व्हायचं, कूलर बंद केला की तापून बंद पडायचं. आतल्या उबेला एक पाल राहायला आली होती. एकदा मी जेवून परत आले, तर साहेबांनी यंत्रावर ओला पंचा पसरून ठेवलेला. म्हणाले, “अंग लई तापलं होतं.” तापलेल्या बैलाला जे करायचं तेच त्यांनी केलं होतं. मी पंचा काढला, यंत्र पुसलं आणि बाहेर जाऊन हसून आले. पावसाळ्यात तर वीज दिवसदिवस जायची. तेव्हाच ठरवलं की याला क्लाउडवर हलवायचं.

बाहेरच्यांसाठी सांगते. क्लाउड म्हणजे ढगात काही नसतं. कुठल्या तरी शहरात थंड इमारती असतात, तिथे यंत्रं रात्रंदिवस चालतात, आणि त्यांतला एक कोपरा आपण भाड्यानं घेतो. आपला प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधायचं आणि तिकडे नेऊन चालू करायचं. त्याला इंग्रजीत डिप्लॉय करणं म्हणतात. मी बिऱ्हाड हलवणं म्हणते. साहेबांनी विचारलं, “म्हणजे आता तो दुसऱ्याच्या घरी राहाणार?” मी म्हटलं, “खोली भाड्याची, पण कुलूप आपलं. लोकांचं बोलणं कुलपात.” त्यावर त्यांनी मान हलवली.

बिऱ्हाड हलवताना जे होतं तेच झालं. इकडे जे बिनबोभाट चालायचं ते तिकडे चालेना. खोली लहान आणि मेंदू मोठा. चालू केला की मेमरी भरायची आणि ढोरकी कोसळायचा. त्याच मेंदूची दाबून लहान केलेली आवृत्ती मिळते, ती चढवली. मग कळलं की कुलपाची किल्लीच मी जुन्या यंत्रावर विसरून आले आहे. स्क्रीनवर लाल अक्षरांच्या ओळीच्या ओळी यायच्या. त्या मी वाचायची, शिव्या द्यायची, पुन्हा सामान बांधायची. ज्या दिवशी तिकडून “घाबरू नको बापा” असं पहिलं उत्तर आलं, त्या दिवशी मी सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले. आनंद झाला तर झाला, लपवायचं कशाला?

मग झोपेचं प्रकरण. या भाड्याच्या यंत्रांची एक रीत असते. काही वेळ कुणी हाक मारली नाही की ते तुमच्या प्रोग्रॅमला झोपवून टाकतात. हाक आली की उठवतात, पण उठून मेंदू जागेवर यायला वेळ लागतो. शहरातला माणूस तेवढ्यात दुसरं काही बघेल. आमच्या गावांमध्ये नेटवर्क असतं ते एखाद्या टेकडीवर, त्यातही एखाद्या झाडाखाली, त्यातही वारा बरा असला तर. ढोरकी डोळे चोळून उठेपर्यंत इकडे नेटवर्क निघून गेलेलं असायचं. म्हणून मला ते फोन यायचे. शेवटी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एकच, थोड्या थोड्या वेळानं ढोरकीला हाक मारायची. त्यानंतर तो झोपला नाही.

गिऱ्हाइकं तरी किती तऱ्हेची! मोहर्लीकडे पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एकानं विचारलं होतं, “पाहुण्यायले वाघ पाह्याचा हाय, उद्या कोनत्या टायमाले येईन?” ढोरकीनं सांगितलं, “घाबरू नको बापा. दिवस बुडायच्या आत सगळ्यायले आत घे, दार पक्कं लाव आणि मोजून घे.” त्या गृहस्थानं ते कागदावर लिहून जेवणाच्या खोलीत लावलं. पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात म्हणे.

पण ज्यांची गोष्ट सांगायला मी बसले ते गिऱ्हाईक म्हणजे मंगरूभाऊ. एटापल्लीच्या पुढच्या एका गावचे खरेखुरे ढोरकी. सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, साऱ्या गावाची गुरं जमायची. ती घेऊन मंगरूभाऊ टेकडीवर जायचे. नेटवर्कही त्याच टेकडीवर, त्यामुळे गावाचे प्रश्नही तेच घेऊन जायचे. रोज सकाळी वर पोचले की एकेक सांगायचे, दिवसभर गुरं चारायचे, आणि संध्याकाळी गुरांसोबत उत्तरं खाली आणायचे. गावाला ती सोय इतकी अंगवळणी पडली होती, की ढोरकीचं उत्तर दिवे लागायच्या वेळेला मिळणार हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

एकदा मंगरूभाऊंचा मला फोन आला. “मॅडम, तुमचा ढोरकी काल चांगला बोलला. आज म्हणते, तुमी कोन? असा कसा इसरभोळा जी?”

खरं होतं. नवं सामान चढवलं की जुन्या गप्पा पुसल्या जायच्या. मला ते लागलं. साहेब कुणाचंही ढोर विसरत नसत. मी गप्पा साठवायला वेगळी कायमची जागा घेतली आणि ढोरकीला पक्की स्मरणशक्ती दिली. एका फोनवरून आलेलं सगळं बोलणं एकत्र जोडून ठेवायचं, काही विसरायचं नाही. फार हुशारी केली असं वाटून मी दोन दिवस ताठ मानेनं फिरत होते. आमच्या गावांत एक फोन म्हणजे एक माणूस नसतो, एक फोन म्हणजे अख्खं गाव असतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तेही इथेच जन्मलेल्या बाईच्या!

रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते. साहेब रोज सकाळी ऑफिसात आले की ढोरकीचं ताजं बोलणं स्क्रीनवर वाचायचे. कान गेले तरी डोळे शाबूत होते. त्या दिवशी वाचता वाचता ते मोठ्यानं हसले. “बाई, हे पाहा. तुमच्या ढोरकीनं बैल गाभण केला!”

मी पाहिलं. मंगरूभाऊंनी नुकतेच तीन प्रश्न पाठवले होते. फुलाबाईचा बैल लाल्या सकाळपासून चारा खात नाही, डावी कूस फुगली आहे, म्हणून त्याला आज घरीच ठेवलं. दुसऱ्या कुणाची गाय सात महिन्यांची गाभण आहे, पायाला सूज आहे. तिसऱ्याच्या शेळीच्या तोंडात फोड आहेत. ढोरकीनं तिन्ही मिळून एक जनावर केलं आणि उत्तर दिलं, “घाबरू नको बापा. गाभण आहे म्हणून तेल पाजू नको, चालवू नको. सावलीत बसवून ठेव. उद्या सांगजो मले.”

मीही हसायला लागले. पण साहेबांचं हसू थांबलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न पुन्हा वाचला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. “डावी कूस फुगली. बाई, हा बैल फुगला. कोवळं गवत खाल्लं असन. याले बसवून ठेवलं तर संध्याकाळ पाहात नाई तो.”

पोटात वायू कोंडला की बैलाला तेल पाजायचं, उभं करायचं, चालवायचं. ढोरकीनं नेमकं उलटं सांगितलं होतं. आणि ते सांगणंही मंगरूभाऊ संध्याकाळीच खाली नेणार. फुलाबाईला मी ओळखत होते. म्हणजे आवाजानं. नवरा गेल्यावर एकटीनं शेती करणारी बाई, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल करायला हीच एक जोडी. लाल्या गेला तर त्या वर्षीचं धान गेलं.

मी मंगरूभाऊंना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. टेकडीवर निरोप पोचतो, पण बोलण्याइतकं नेटवर्क क्वचितच असतं. मग मी ढोरकीला बाजूला केलं. म्हणजे त्याचं उत्तर देणं थांबवलं आणि त्याच्या जागी स्वतः बसले. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून सांगत होते, मी टाइप करत होते, आणि ते ढोरकीच्या आवाजात तिकडे जात होतं.

“मंगरू बापा, ते आधीचं सोड. आत्ताच्या आत्ता खाली उतर. फुलाबाईच्या बैलाले उभा करा. पुढचे पाय उंचावर ठेवा. तोंडात आडवी काडी बांधा. खायचं तेल हळूहळू पाजा, ठसका लागू देऊ नका. मंग चालवा. थांबू नका. संध्याकाळची वाट पाहू नको बापा, आत्ताच जा.”

निरोप गेला. पोचला का नाही, कळत नव्हतं. साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं स्क्रीनवर खूण उमटली की तिकडे ऐकलं गेलं. आणि लगेच मंगरूभाऊंचा धापा टाकत बोललेला अर्धाच निरोप आला, “ढोरं घेऊन उतरतो जी...” आणि बंद.

साहेब खुर्चीत बसले. म्हणाले, “उद्या काय कळाचं ते कळन. बैल गेला असन, तर पाटी काढायची.”

“अहो, गेला तरी तुम्ही सांगितलंत ना वेळेत!” मी म्हटलं. ऐकू गेलं नाही म्हणून कागदावर लिहून दाखवलं.

त्यांनी वाचलं आणि कागद उलटा ठेवला. “वेळेत कुठी? आधी उलटं सांगतलं ना. माझ्याच शब्दात सांगतलं.”

मी तो सबंध दिवस ढोरकीवर आणि स्वतःवर चिडून काम केलं. त्याला एक नवी शिस्त लावली. कुणीही काहीही विचारो, त्याने आधी विचारायचं, “कोणाचं ढोर?” आणि प्रत्येक घराची गोष्ट वेगळ्या खुंटीला बांधायची. शिवाय फुगणं, घशाला सूज, साप चावणं असं काही आलं तर “आत्ता खाली जा” हे सगळ्यात आधी. नवं सामान बांधून चढवलं. चाललं. पण ज्याच्यासाठी हे करते आहे त्याला उद्या नोकरीच राहणार नसेल, असं मनात येऊन डोळे भरून यायचे. हसू नका. ज्याला इतके दिवस झोपू दिलं नाही त्याच्यावर जीव बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्याआधी येऊन बसलेले होते. पाटी खाली उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत चहा प्यायलो. मंगरूभाऊंची टेकडीवर पोचायची वेळ झाली, आणि निरोप आला. पण मंगरूभाऊंचा नव्हता. बाईचा आवाज होता. फुलाबाई स्वतः टेकडी चढून आली होती. मी ऐकत गेले आणि साहेबांसाठी टाइप करत गेले.

“ढोरकीभाऊ, मी फुलाबाई. काल मंगरू भर उन्हात ढोरं घेऊन आला, तं गावाले वाटलं वाघ आला. समदे काठ्या घेऊन भायेर. मंग समद्यायनं मिळून लाल्याले उभा केला. काडी बांधली, तेल पाजलं, आखरावर फिरवला. वारा मोकळा झाला त्याचा. आज चारा खाल्ला त्यानं. आज मी त्याले जुंपत नाई, उद्या जुंपीन.” मग थोडी थांबली. “डाक्टरसायेब असते तं खुश झाले असते. देवमानूस होता बिचारा. तुमी त्याईच्यासारखंच बोलता, आमाले बरं वाटते.”

शेवटची वाक्यं टाइप करताना माझा हात थांबला. पण साहेब वाट बघत होते. मी टाइप केलं.

त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “मी मेलो?” त्यांनी मला विचारलं.

आता माझ्या लक्षात आलं. साहेब फोन उचलेनासे झाले. विचारलं की मी खालच्या आवाजात सांगायची, ते आता फोनवर येत नाहीत. आणि मग त्यांच्याच शब्दांत बोलणारं एक यंत्र आलं. लोकांनी काय समजायचं? मंगरूभाऊ माझ्याशी इतक्यांदा बोलले, पण साहेबांचं नाव कधी काढलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून. नंतर कळलं की गावात सगळ्यांनी मिळून एक सकाळ गुरं रानात नेली नव्हती, साहेबांसाठी. आमच्याकडे कुणी मोठं गेलं की काम बंद ठेवतात तसं.

साहेबांनी हात पुढे केला. “द्या तो फोन.”

किती दिवसांनी त्यांनी फोन हातात घेतला होता. स्वतःचा आवाज त्यांना नीट ऐकू येत नसे, त्यामुळे ते ओरडूनच बोलले. शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. “फुलाबाई! मी चिमूरकर! मी जित्ता हाओ! मेलो नाई!”

निरोप गेला. त्या दिवशी टेकडीवर वारा बरा असावा, उत्तर लगेच आलं. आधी मंगरूभाऊंची आरोळी, मागे दोनचार माणसांचा गलका, कुणीतरी हसत होतं, आणि मग फुलाबाई. रागावलेली.

“मंग फोन काऊन उचलत नाई जी? दोन पावसाळे झाले! आमी इथी रडून बसलो ना!”

मी टाइप केलं आणि स्क्रीन साहेबांकडे वळवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता काय सांगायचं, असं ते विचारत होते. मी खुर्ची मागे सरकवली. हे त्यांचं त्यांनी सांगायचं होतं.

त्यांनी फोन तोंडाजवळ नेला. या वेळी ओरडले नाहीत. “मले आयकू येत नाई, बाई. दोन्ही कान गेले. आता तुमाले काय सांगू आणि कसं सांगू, म्हणून...” तेवढ्यावरच त्यांनी निरोप पाठवून दिला.

साहेब चष्मा काढून टेबलावरची धूळ बोटानं पुसत बसले. मग निरोप आला. अगदी छोटा होता. मी तो मोठ्या अक्षरांत टाइप केला, त्यांना चष्म्याशिवाय दिसावा म्हणून.

“तं त्यात काय? तुमी बोला. आमी आयकतो.”

साहेबांनी ते वाचलं, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, आणि लाल्याला आज काय खाऊ घालायचं इथपासून बोलायला सुरुवात केली.